तरणा पाऊस, म्हातारा तारा

परवा सकाळी साडेसहाला अण्णांचा फोन. एवढ्या सकाळी गावाहून फोन आला की पोटात गोळा येतो, तसा आलाच. पण पलीकडून आवाज खणखणीत. "तरणा लागला बग. रातच्याला बदाबदा पडला. वढ्याला पानी आलं."

ज्यांचा शेतीशी संबंध सुटलाय त्यांच्यासाठी सांगतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सूर्य पुनर्वसू नक्षत्रात जातो. त्या दोन आठवड्यांतल्या पावसाला आमच्याकडे तरणा पाऊस म्हणतात आणि त्यानंतरच्या पुष्य नक्षत्रातल्या पावसाला म्हातारा. हे लहानपणापासून ऐकत आलोय. पण यंदा 'तरणा' म्हटल्यावर मला एक म्हातारा तारा आठवला आणि फोनवरच हसू आलं. अण्णांनाही तेच आठवलं असणार, कारण ते म्हणाले, "तुजी म्हातारी चांदणी पावली म्हनायची!"

ही म्हातारी चांदणी म्हणजे काय, आणि ब्याऐंशी वर्षांचे अण्णा पुण्यातलं घर सोडून गावी एकटे कसे, या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. एप्रिलपासून लिहीन लिहीन म्हणतोय, आज बसलोच आहे.

मागच्या दिवाळीनंतर आई गेली. तेराव्यानंतर आम्ही अण्णांना पुण्याला घेऊन आलो. त्यांनी विरोध केला नाही आणि तीच खरी काळजीची गोष्ट होती. वाढलेलं जेवायचे, सांगितलेल्या गोळ्या घ्यायचे, टीव्हीसमोर बसायचे. बातम्या संपून सिरियल लागली तरी त्यांना कळायचं नाही. तेवढ्यात गावच्या रानाला आणि घराला गिऱ्हाईक आलं. दादाचं म्हणणं, आता तिथं राहणार कोण? ताईचंही तेच. आणि खरं सांगायचं तर माझंही तेच. सही फक्त अण्णांची हवी होती. ते हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात.

एप्रिलच्या मध्यावर एका रात्री लाईट गेली. आत उकडत होतं, म्हणून अण्णांना घेऊन गच्चीवर गेलो. चटई टाकली. आसपासच्या चार-पाच सोसायट्या अंधारात असल्यामुळे पुण्याच्या मानाने आभाळ बरंच मोकळं होतं. मला आकाशनिरीक्षणाचा नाद आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे (नातेवाइकांनी तर तो सोसलाय). काहीतरी बोलायचं म्हणून मी डोक्यावरून थोडे पश्चिमेकडे कललेले दोन तारे दाखवले. "अण्णा, तो बघा पुनर्वसू."

"त्यो व्हय? तरण्या पावसाचा?" सहा महिन्यांत त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

त्या जोडीतला एक तारा पांढरा आहे. त्याला पाश्चात्त्य नाव कॅस्टर. दुसरा किंचित नारिंगी, तो पोलक्स. हा पोलक्स आपल्यापासून ३४ प्रकाशवर्षांवर आहे. सूर्याच्या नऊपट रुंद आणि तेजाने सुमारे ३३ पट. अशा ताऱ्यांना तांबडे राक्षसी तारे म्हणतात. राक्षसी म्हणजे दुष्ट नव्हे, अवाढव्य. आणि ही अवस्था ताऱ्याला म्हातारपणी येते.

"मंग तरणा कसला? ह्यो तर म्हातारा," अण्णा म्हणाले.

इथे गंमत आहे. वर्षं मोजली तर पोलक्सचं वय सूर्याच्या निम्मंही नाही. पण त्याचं वस्तुमान सूर्याच्या जवळजवळ दुप्पट. जड तारा आपलं इंधन फार भराभर जाळतो, त्यामुळे त्याला म्हातारपण लवकर आलं. म्हणजे वयानं तरणा आणि अवस्थेनं म्हातारा! याच्या उलट ज्येष्ठा. नाव ज्येष्ठा, पण वय जेमतेम एक-दीड कोटी वर्षं. सूर्याच्या ४६० कोटींपुढे ते तान्हं बाळच. पण ती इतकी जड आहे की तिचा शेवट जवळ आलाय. अशा ताऱ्याभोवती जीवसृष्टीची वाट बघण्यात अर्थ नाही, ग्रह धड थंड व्हायच्या आत सगळा खेळ आटोपतो. म्हाताऱ्या ताऱ्याभोवती जीवन शोधायचं तर तो निवांतपणे म्हातारा झालेला हवा.

पूर्वेला स्वाती वर आली होती. ती दाखवली. ३७ प्रकाशवर्षं दूर, वस्तुमान जवळपास सूर्याइतकंच, वय सुमारे ७०० कोटी वर्षं, रुंदी सूर्याच्या २५ पट आणि तेज १७० पट. आपल्या सूर्याचं पुढे काय होणार याचा अंदाज घ्यायचा असेल तर स्वातीकडे बघावं.

अण्णा उठून बसले. "म्हंजे आपला सूर्य फुगनार?"

फुगणार. आत्ता सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होतंय. अजून सुमारे ५०० कोटी वर्षांनी गाभ्यातला हायड्रोजन संपेल. शेकोटीच्या मधोमध राख साचावी आणि विस्तव भोवतीच्या लाकडांकडे सरकावा, तसं होईल. मधला हेलियमचा गोळा आकसत जाईल, त्याच्या भोवतीच्या थरात हायड्रोजन जोरात जळू लागेल आणि त्या उष्णतेने बाहेरचे थर फुगत जातील. फुगल्यामुळे पृष्ठभाग थंडावेल आणि तांबूस दिसेल. पण आकारच एवढा मोठा होईल की एकूण उष्णता प्रचंड वाढेल. शिगेला पोचेल तेव्हा सूर्य आजच्या दोनशे पटींहून रुंद असेल आणि तेज दोन हजार पटींच्या वर गेलेलं असेल. बुध आणि शुक्र गिळले जाणार हे जवळजवळ नक्की. पृथ्वीबद्दल वाद आहे. २००८ साली श्रोडर आणि स्मिथ यांनी केलेल्या गणितात पृथ्वीही गिळली जाते. पण २०२४ साली सुमारे चार हजार प्रकाशवर्षांवरच्या एका विझलेल्या ताऱ्याभोवती, म्हणजे श्वेत बटूभोवती, पृथ्वीच्या दुपटीला थोडा कमी वस्तुमानाचा ग्रह जाहीर झाला. तो पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण दुप्पट लांबून फिरतोय. तारा फुगताना आपलं वस्तुमान उधळतो, पकड सैल होते आणि ग्रह बाहेर सरकतात. म्हणजे पृथ्वीचा दगडधोंड्यांचा गोळा कदाचित वाचेलही. पण नुसता गोळाच. कारण सूर्याचं तेज आताही दर १०० कोटी वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी वाढतंय आणि अजून १०० कोटी वर्षांच्या आसपासच आपले समुद्र उडून जातील. राक्षस व्हायच्या कितीतरी आधी इथलं बिऱ्हाड हललेलं असेल.

अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आन लांबच्यांचं? जिथं आत्ता गारठा हाय त्यांचं?"

मंडळी, मी उडालोच. शास्त्रज्ञांनी जो प्रश्न विचारला तो नेमका हाच.

ताऱ्यापासून ज्या अंतरावर ग्रहाच्या पृष्ठभागावर पाणी पातळ राहू शकतं, त्याला जीवयोग्य पट्टा म्हणतात. फार जवळ गेलं तर वाफ, फार लांब गेलं तर बर्फ. मधला पट्टा राहण्याजोगा. तारा तेजस्वी होत गेला की हा पट्टा बाहेर सरकतो. हिशोब सोपा आहे, तेज चौपट झालं की पट्टा दुप्पट लांब, तेज शंभरपट झालं की दहापट. पोलक्सचं तेज ३३ पट, म्हणजे आपल्याला जशी ऊब मिळते तशी तिथे सुमारे पावणेसहा पट अंतरावर मिळेल, आपल्या गुरूच्या कक्षेच्या थोडं पलीकडे. स्वातीभोवती ती जागा तेरापट अंतरावर आहे, शनीच्याही पुढे. आज जिथे दगडासारखा गोठलेला बर्फ आहे, तिथे कधीतरी उन्हाळा येतो.

आपल्याच सूर्यमालेतलं उदाहरण घ्या. शनीचा मोठा चंद्र टायटन. त्याला दाट वातावरण आहे, त्यावर मिथेनची तळी आहेत आणि तापमान उणे १७९ अंश सेल्सियस. १९९७ साली लॉरेंझ, ल्युनाइन आणि मॅके या तिघांनी सूर्य तांबडा राक्षस झाल्यावर टायटनचं काय होईल याचं गणित मांडलं. निष्कर्ष असा की तिथे पाणी आणि अमोनिया यांच्या मिश्रणाचे समुद्र तयार होऊ शकतील आणि ते काही दहा कोटी वर्षं टिकतील. अमोनिया मिसळला की पाणी शून्याच्या बरंच खालीही पातळ राहतं. शिवाय तांबड्या ताऱ्यातून अतिनील किरण कमी येतात, त्यामुळे टायटनला झाकणारं नारिंगी धुकं विरळ होईल आणि उरलीसुरली ऊब खालपर्यंत पोचेल. पुढे २००३ साली ॲलन स्टर्न यांनी हाच विचार आणखी लांब नेला, नेपच्यूनचा चंद्र ट्रायटन आणि प्लूटोपर्यंत.

"शनीचीबी साडेसाती संपायची म्हन की!" अण्णा म्हणाले आणि चक्क हसले.

लाईट आली. शेजारच्या इमारतींतून नेहमीचा "आलीऽऽ" असा गलका झाला आणि आकाश पुन्हा फिकट पडलं. मी चटई गुंडाळायला लागलो, पण अण्णा उठेनात. "किती टाइम मिळतो त्यांना?" त्यांनी विचारलं. उत्तर मला नक्की माहीत नव्हतं. वाचून सांगतो म्हणालो.

पुढचे चार-पाच दिवस ऑफिसातून आल्यावर वाचत होतो. २०१६ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या रामसेस रामिरेझ आणि लिसा काल्टेनेगर यांनी म्हाताऱ्या ताऱ्यांभोवतीच्या जीवयोग्य पट्ट्यांचा हिशोब मांडला. सूर्यासारख्या ताऱ्याच्या म्हातारपणी अशा उशिरा ऊब मिळालेल्या जागेला जास्तीत जास्त ५० कोटी वर्षं मिळू शकतात. सूर्याहून जड ताऱ्यांभोवती याहून कमी, आणि हलक्या ताऱ्यांभोवती शेकडो कोटी वर्षं.

५० कोटी म्हणजे किती? पृथ्वीवर नाना आकारांचे प्राणी समुद्रात दिसू लागले त्याला साधारण ५४ कोटी वर्षं झाली. म्हणजे पहिल्या माशापासून तुमच्या-माझ्यापर्यंतचा सगळा प्रवास जेमतेम एवढ्या काळात झाला. पण त्याआधी साध्या जिवाणूंनी जवळपास ३०० कोटी वर्षं एकट्याने काढली होती. कुठलं माप धरायचं तसं उत्तर बदलतं. शून्यापासून सुरुवात करायची तर वेळ फार कमी. पण शून्यापासूनच करावी लागेल असं थोडंच आहे? गुरूच्या युरोपावर आणि शनीच्या एन्सेलेडसवर बर्फाच्या कवचाखाली आजही पाणी आहे. दुसऱ्या कुठल्या ताऱ्याभोवतीच्या अशा अंधाऱ्या पाण्यात आधीच काही जगत असेल, तर तारा म्हातारा झाल्यावर फक्त झाकण उघडायचा अवकाश.

अडचणीही भरपूर आहेत. चंद्र लहान असेल तर बर्फ वितळून झालेली वाफ त्याला धरून ठेवता येत नाही. युरोपासारख्याचं पाणी अवकाशात निघून जाईल. राक्षसी ताऱ्याकडून येणारा कणांचा वारा वातावरण खरवडून काढतो, म्हणून पृथ्वीएवढा किंवा तिच्याहून थोराड ग्रह असेल तरच निभाव लागायची शक्यता जास्त. आणि ही ऊब एकसारखी नसते. सूर्य शिगेला पोचला की त्याच्या गाभ्यातला हेलियम एकदम पेटतो आणि तारा आकसतो. दोन हजार पटींवरचं तेज चाळीस-पन्नास पटींवर येतं. प्लूटोपर्यंत गेलेला उन्हाळा मागे फिरतो, तिथलं पाणी पुन्हा गोठतं. त्यानंतर सुमारे १० कोटी वर्षं सूर्य बऱ्यापैकी स्थिर राहील आणि ऊबदार पट्टा गुरू आणि शनी यांच्या कक्षांच्या मध्ये कुठेतरी मुक्काम करेल.

असा एखादा वसलेला ग्रह सापडलाय का? नाही. पोलक्सभोवती एक ग्रह आहे असं २००६ साली जाहीर झालं, त्याची पहिली चाहूल १९९३ सालची. टेक्सासमधल्या मॅकडोनल्ड वेधशाळेतून हॅट्झेस आणि कॉक्रन यांनी तीन राक्षसी ताऱ्यांची थरथर मोजली होती, ते तीन म्हणजे स्वाती, रोहिणी आणि पुनर्वसू. तिन्ही आपल्या पंचांगातले! पोलक्सचा ग्रह गुरूच्या दुपटीहून जड आहे आणि ५९० दिवसांत एक फेरी मारतो. २०१५ साली त्याचं थेस्टिअस असं बारसंही झालं. पण तो ताऱ्याच्या इतका जवळ आहे की पृथ्वीला मिळतं त्याच्या बारापट ऊन त्याला मिळतं. शिवाय २०२१ साली पोलक्सच्या चुंबकीय क्षेत्राच्या अभ्यासातून, ही थरथर ताऱ्याची स्वतःचीच तर नाही ना, अशी शंका निघाली. म्हाताऱ्या ताऱ्यांचं हेच कठीण. त्यांचा पृष्ठभाग स्वतःच धापा टाकत असतो, ग्रहाची ओढ कुठली आणि ताऱ्याचा श्वास कुठला हे वेगळं करणं सोपं नाही. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना पडणारी सावली शोधावी, तर नऊपट रुंद ताऱ्यापुढे पृथ्वीएवढ्या ग्रहाची सावली ८१ पट फिकी. म्हणून आजवर अशा ताऱ्यांभोवती सापडलेले बहुतेक ग्रह गुरूसारखे थोराड आहेत. लहानग्यांचा पत्ता लागत नाही, याचा अर्थ ते नाहीत असा होत नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर हे सगळं अण्णांना सांगितलं. मोठ्या उत्साहात. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "आपल्या माळासारखं हाय ह्ये."

मी बघतच राहिलो. आमचं जुनं गाव भीमेच्या काठाला होतं. उजनी धरण १९८० साली पुरं झालं, त्याच्या आधी दोन वर्षं आमचं गाव उठलं. मी तेव्हा पाळण्यात होतो. काळं रान, वाडा, चिंचेचा पार, नदीचा घाट, सगळं पाण्याखाली. उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि त्याचे फोटो छापून येतात. आमच्या गावातलं एवढंही काही वर येत नाही. नवीन गावठाण मिळालं ते वरच्या मुरमाड माळावर. कुसळ आणि बाभळीशिवाय तिथे काही उगवायचं नाही. मग धरणाचं पाणी पसरत माळाच्या पायथ्याशी आलं. लोकांनी मोटारी बसवल्या, पाइपलाइनी ओढल्या आणि ज्या माळावर बाजरीसुद्धा धड येत नव्हती तिथे ऊस उभा राहिला. खाली भिगवणला उथळ पाण्यात दर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, ते बघायला पुण्या-मुंबईचे लोक कॅमेरे घेऊन जातात. मीही गेलोय. पट्टा सरकला होता. काठावरचे बुडाले आणि लांबच्यांची पाळी आली. मी हे चाळीस वर्षं बघत होतो आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"म्हणजे चांगलंच झालं की अण्णा, एका अर्थी," मी बोलून गेलो.

"चांगलं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "टायटनवर उद्या कुनी ऱ्हाईल. त्येला काय ठावं, हितं कोन व्हतं? जे गेलं ते गेलंच. दुसऱ्याची पाळी आली म्हनून ते भरून निगत न्हाई. त्ये येगळं आन ह्ये येगळं."

यावर मी काय बोलणार? शास्त्रज्ञांच्या लिखाणात "पुन्हा संधी" वगैरे वाचताना मला जे सुखावत होतं, त्यातली खोच त्यांनी बरोबर पकडली होती. पुन्हा संधी मिळते, पण ती त्यालाच मिळते असं नाही.

मग थोड्या वेळाने ते आपणहूनच बोलायला लागले. नवीन गावठाणात गेल्यावर दहा वर्षं ते रोज संध्याकाळी पाण्याच्या काठाशी जाऊन बसायचे. कुठे आपला वाडा होता, कुठे चिंच होती, याचा अंदाज घेत. माळाकडे त्यांनी ढुंकून बघितलं नाही. पाइपलाइनसाठी सोसायटीचं कर्ज काढायचं आईच्या डोक्यातून निघालं. माळावर कडुलिंबाची तीन रोपं तिने लावली, रोज डोक्यावरून दोन घागरी आणून जगवली. "मी बुडाल्या गावाकडं तोंड करून बसलो, तिनं माळाकडं तोंड केलं. धा वर्सं, लेकरा. ती धा वर्सं मी तिच्यासंगं व्हतो आन नव्हतो." आवाज कापला त्यांचा. माझ्या आठवणीत अण्णा आईबद्दल असं काही बोलल्याचं नाही. "आता ती न्हाई. आन मी पुन्यांदा भितीकडं तोंड करून बसलोय. पुन्यांदा त्येच करतोय."

मग म्हणाले, "मला माळावर जायचंय. सही करनार न्हाई मी."

मी सगळी कारणं सांगितली. वय, बीपी, रात्री-अपरात्री काही झालं तर, दवाखाना किती लांब, स्वयंपाक कोण करणार. प्रत्येक कारण खरं होतं. त्यांनी कुठलंच खोडून काढलं नाही. फक्त विचारलं, "तूच म्हनलास न्हवं, म्हाताऱ्या ताऱ्याकडंबी टाइम आसतो? कमी आसतो, पन आसतो."

मेच्या शेवटी त्यांना सोडून आलो. बायकोने महिन्याच्या गोळ्या डब्यात वार घालून लावून दिल्या. शेजारच्या वहिनी दोन्ही वेळचा डबा देतात, त्यांना पैसे घ्यायला राजी करता करता माझ्या नाकी नऊ आले. चुलतभाऊ रोज संध्याकाळी चक्कर मारतो. अण्णा लिंबाखाली बाज टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शनीच्या चंद्राबद्दल सांगतात असं कळलंय. त्यात टायटनचं तापमान दर वेळी वेगळं असतं.

मला रात्री झोप लागते असं नाही. फोन वाजला की धस्स होतं. त्यांना तिथे सोडलं हे बरोबर केलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एखाद्या दिवशी खरोखरच वाईट बातमीचा फोन येईल आणि तेव्हा मी स्वतःलाच बोल लावीन हेही मला माहीत आहे. पण परवा "तरणा लागला" म्हणणारा आवाज मी सहा महिन्यांत या घरात एकदाही ऐकला नव्हता.

दादा, ताई, तुम्ही हे वाचत असालच. सही होणार नाही, तेव्हा गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणून कळवा. दिवाळीला सगळ्यांनी माळावरच जमायचं असं अण्णांचं फर्मान आहे. आईचं वर्षश्राद्धही तिथेच, तिच्या लिंबाखाली.

बाकीच्यांसाठी एक सूचना. पुनर्वसू बघायला आत्ता गच्चीवर जाऊ नका. सूर्य त्याच्याच घरात मुक्कामाला आहे, त्यामुळे तो दिवसा उगवतो आणि दिवसाच मावळतो. ऑगस्ट संपता संपता पहाटे लवकर उठलात आणि ढगांनी कृपा केली, तर पूर्वेला ते दोन तारे शेजारी शेजारी दिसतील. त्यातला नारिंगी तो म्हातारा.